अभ्यासिकेतली हवा, सीओटू मीटर आणि धोक्याचे गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभ्यासिका चालवणारे, तिथे रोज आठ-दहा तास बसणारे विद्यार्थी, व्यायामशाळांचे मालक आणि सोसायट्यांच्या समित्या यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हिशेबासाठी सगळीकडे एकच नमुना खोली धरली आहे: ३० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच, म्हणजे सुमारे १७० घनमीटर. बसणारे ४० जण, दोन स्प्लिट एसी, खिडक्या बंद. आपल्या खोलीची मापे घालून तेच गणित पुन्हा करता येते.

१. हवेतला कार्बन डायऑक्साइड (सीओटू) का मोजायचा? तो विषारी असतो का?

अभ्यासिकेत दिसणाऱ्या पातळीला तो विषारी नसतो. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांसाठी ५,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) ही मर्यादा आहे. आपण सीओटू मोजतो तो खूण म्हणून. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४३० पीपीएम असतो, शहरात रस्त्यालगत थोडा जास्त. उच्छ्वासात मात्र तो ३८,००० पीपीएमच्या आसपास असतो. त्यामुळे खोलीतला आकडा जितका चढेल, तितकी आपण श्वासात घेत असलेली हवा आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून येऊन गेलेली असते. क्षयरोग, गोवर, फ्लू, कोविड हे रोग याच वाटेने पसरतात. रोगजंतू मोजणारे स्वस्त यंत्र नाही, सीओटू मोजणारे आहे.

२. दोन एसी चालू असतात. मग हवा ताजी नाही का?

नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत खोलीतच सोडतो. बाहेर लावलेल्या युनिटमधून फक्त उष्णता बाहेर जाते, हवेची देवाणघेवाण होत नाही. विंडो एसीला ताज्या हवेची लहानशी झडप असते, पण तिच्यातून येणारी हवा ४० जणांना पुरत नाही. एसीची जाळी धूळ आणि केस अडवते, श्वासातून निघणारे सूक्ष्म कण अडवत नाही. एसीची खोली गार लागते म्हणून हवा बरी आहे असे वाटते. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

३. मीटर कोणता घ्यावा? ऑनलाइन हजार रुपयांतही मिळतात.

‘एनडीआयआर’ (इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणारा) किंवा ‘फोटोअकूस्टिक’ (प्रकाशाने उठणाऱ्या आवाजावरून मोजणारा) सेन्सर असलेलाच घ्यावा. वेष्टनावर ‘ईसीओटू’ किंवा नुसते ‘एअर क्वालिटी’ लिहिले असेल तर तो मीटर सीओटू मोजत नाही. तो वासाचे वायू मोजून सीओटूचा अंदाज छापतो. सॅनिटायझरची बाटली उघडली की त्याचा आकडा उडी मारतो, आणि ओळखण्याची सोपी चाचणीही हीच. अचूकता ±(५० पीपीएम + वाचनाच्या ३ टक्के) किंवा त्याहून चांगली असावी. दर १ ते ५ मिनिटांची नोंद साठवून ती बाहेर काढता यायला हवी, कारण नुसता पडद्यावरचा आकडा पुढच्या हिशेबाला पुरत नाही.

घेतल्यावर मोकळ्या गच्चीवर १५ मिनिटे ठेवा. ४२० ते ४८० दाखवला तर ठीक. हातात धरून वाकून बघू नका, आपलाच श्वास मोजला जाईल.

४. मीटर कुठे ठेवायचा आणि किती दिवस?

बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, जमिनीपासून एक ते दीड मीटरवर. कोणत्याही माणसापासून, खिडकीपासून आणि एसीच्या झोतापासून निदान एक मीटर लांब. व्यवस्थापकाच्या टेबलावर दाराशी ठेवलेला मीटर नेहमी चांगलाच आकडा दाखवतो, कारण दार उघडते तिथे. एकच मीटर असेल तर सगळ्यात आतला कोपरा निवडा.

निदान एक पूर्ण आठवडा नोंद घ्या. त्यात परीक्षेआधीचे गर्दीचे दिवस आणि रविवार दोन्ही यावेत. सोबत वहीत तीन गोष्टी तासातासाला लिहा: माणसे किती, खिडक्या उघड्या की बंद, एसी-पंखे कोणते चालू. ही वही नसेल तर आलेल्या आलेखातून काहीच कळत नाही.

५. आकडा किती असला म्हणजे चांगला? १,००० ची मर्यादा खरी का?

१,००० ही विषाची रेषा नाही. तिच्यामागचे गणित असे: बसलेला प्रौढ माणूस सेकंदाला सुमारे ०.००५ लिटर, म्हणजे तासाला १८ लिटर सीओटू सोडतो. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळत असेल तर आकडा बाहेरच्यापेक्षा ५०० ने वर स्थिरावतो, म्हणजे ९३० च्या आसपास. ५ लिटर मिळत असेल तर १,४३० वर.

नमुना खोलीत खिडक्या बंद असताना फटींतून आणि दार उघडण्या-मिटण्यातून तासाला खोलीभर हवा बदलते असे धरू. ४० जण आल्यावर तासाभरात आकडा ३,१०० ला पोहोचतो आणि बसून राहिले तर ४,६०० पलीकडे जातो. असे आकडे भरलेल्या बंद अभ्यासिकेत दुर्मीळ नाहीत.

वापरायला आम्ही या पायऱ्या सुचवतो: ८०० पर्यंत उत्तम, १,२०० ला खिडकी उघडा, १,५०० ओलांडून अर्धा तास झाला तर काहीतरी बिघडले आहे असे समजून शोध घ्या.

६. सीओटू जास्त झाला की अभ्यासात लक्ष लागत नाही, हे सिद्ध झालंय का?

पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. २०१२ साली उषा सतीश आणि सहकाऱ्यांनी २२ जणांना ६००, १,००० आणि २,५०० पीपीएममध्ये बसवून निर्णयक्षमतेच्या चाचण्या घेतल्या. वरच्या पातळ्यांना गुण घसरले. नंतर पाणबुडीतल्या नौसैनिकांवर १५,००० पीपीएमपर्यंत केलेल्या अभ्यासात तशी घसरण दिसली नाही. कोंदट खोलीत डोके जड होते ते खरे, पण त्यात उष्णता, दमटपणा आणि वास यांचाही वाटा असतो. ‘मीटर लावा, निकाल वाढेल’ अशी जाहिरात कुणी करत असेल तर तिला आधार नाही. हवा सुधारण्याचे पक्के कारण संसर्ग हे आहे.

७. खोलीत नक्की किती ताजी हवा येते, हे घरच्या घरी कसं काढायचं?

यासाठी खोली रिकामी होण्याची वेळ उपयोगी पडते. पायऱ्या:

सगळे बाहेर गेल्यावर दार लावा. खिडक्या आणि पंखे नेहमीसारखे ठेवा. छताचा एक पंखा हळू चालू ठेवला तर हवा नीट मिसळते. लगेच दिसणारा आकडा लिहा, मग तासाभराने पुन्हा लिहा. दोन्हींतून बाहेरचा आकडा वजा करा. पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागून आलेल्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या (मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’चे बटण) आणि गेलेल्या तासांनी भागा. येते ती ताशी हवाबदलाची संख्या.

उदाहरण: २,४३० वरून तासाभरात १,१६६. वजाबाक्या २,००० आणि ७३६. उत्तर १, म्हणजे तासाला खोलीभर हवा एकदा बदलते. समोरासमोरच्या खिडक्या उघडून तीच चाचणी केली आणि २० मिनिटांत ७०० आला, तर उत्तर ६ येते.

चाचणी चालू असताना एखादा माणूस ‘फक्त पुस्तक घ्यायला’ आत आला तर ती रद्द करा. वारा पडलेल्या आणि वारा असलेल्या अशा दोन दिवशी वेगवेगळी करा. नैसर्गिक वायुवीजनात चौपट फरकही पडतो आणि नियोजन वाईट दिवसावर करायचे असते.

८. आकड्यावरून संसर्गाचा धोका कसा काढतात?

विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांच्या नावाने ओळखले जाणारे मॉडेल वापरतात. १९७८ साली एका अमेरिकन शाळेतल्या गोवराच्या साथीवर ते लावले गेले. २००३ साली रुडनिक आणि मिल्टन यांनी त्यात सीओटूचा आकडा थेट बसवला. पद्धत दोन टप्प्यांची आहे.

पहिला टप्पा, उष्ट्या हवेचा वाटा: (खोलीतला आकडा − बाहेरचा) ÷ ३८,०००. ३,१०० पीपीएमला हा ७ टक्के येतो, म्हणजे साधारण दर चौदावा श्वास दुसऱ्याच्या उच्छ्वासाचा. ९३० ला तो १.३ टक्के, म्हणजे दर शहात्तरावा.

दुसरा टप्पा, मात्रा: उष्टा वाटा × बाधित माणसे × एका बाधिताने तासाला सोडलेले ‘क्वांटा’ × तास ÷ खोलीतली एकूण माणसे. एक क्वांटम म्हणजे इतकी मात्रा, की ती मिळालेल्यांपैकी ६३ टक्के लोकांना लागण होते. मात्रा ०.१ असेल तर धोका ९.५ टक्के, ०.५ ला ३९ टक्के, १ ला ६३ टक्के.

नमुना खोलीत एक बाधित, ताशी १० क्वांटा, आठ तास, सरासरी आकडा ३,१०० असे धरले तर मात्रा ०.१४ आणि प्रत्येकाचा धोका १३ टक्के. उरलेल्या ३९ पैकी पाच जण. ९३० वर धोका २.६ टक्के, म्हणजे एक जण.

९. हे १० क्वांटा कुठून आणले? मनाचे आकडे तर नाहीत?

गृहीतच आहेत, आणि मॉडेलचा सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे. हा आकडा आधी घडलेल्या साथींवरून उलटा काढलेला असतो. क्षयरोगासाठी रायली यांच्या जुन्या रुग्णालयीन अभ्यासातून ताशी १.२५ निघाला, एका अमेरिकन कार्यालयातल्या प्रकरणातून १२.७. गोवराच्या त्या शाळेत पहिल्या मुलाचा आकडा ताशी ५,००० च्या वर गेला होता. माणसागणिक आणि आजाराच्या दिवसागणिक तो बदलतो. बोलणे, गाणे, खोकणे यानेही बदलतो.

म्हणून ‘आमच्या अभ्यासिकेत धोका फक्त २.६ टक्के’ असा फलक कधीही लावू नका. मॉडेल तुलनेसाठी आहे. क्वांटा कितीही धरले तरी ताजी हवा दुप्पट केल्यावर मात्रा निम्मी होते, हे टिकते. कोणता उपाय आधी करायचा आणि पैसे कशावर घालायचे, इतकेच त्याला विचारा.

१०. हवा सुधारून रोग खरंच कमी झाल्याचं कुठे दिसलंय?

तैवानमधल्या एका विद्यापीठात क्षयरोगाची साथ आली तेव्हा कमी हवेच्या वर्गांत सीओटू ३,२०० च्या आसपास सापडला. वायुवीजन सुधारून तो ६०० वर आणला गेला. अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा १,००० च्या खाली आणण्याचा संबंध संपर्कातल्या लोकांतले क्षयरोगाचे प्रमाण ९७ टक्क्यांनी घटण्याशी असल्याचे त्यात आढळले. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. आपल्या अभ्यासिकांसाठी याहून जवळचा पुरावा नाही.

उलट बाजूची दोन उदाहरणे: जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझूच्या एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या दहा जणांना कोविड झाला. तिथे माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर ताजी हवा होती आणि एसी तीच हवा फिरवत होता. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या स्कॅजिट व्हॅली इथल्या गायनवृंदाच्या एका सरावात ६१ पैकी एक आजारी होता, नंतर ५२ जणांना लागण झाली किंवा झाल्याचे मानले गेले.

११. सुधारणा करायची तर आधी काय करू? बजेट कमी आहे.

आधी खिडक्या. एका बाजूची एकच खिडकी पूर्ण उघडण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटे उघडणे जास्त उपयोगी. त्यानंतर एक्झॉस्ट पंखा.

माणशी १० लिटरसाठी नमुना खोलीला ताशी १,४४० घनमीटर हवा लागते. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडप आणि भिंत यांतून प्रत्यक्षात बरीच कमी हवा जाते, म्हणून निम्मी धरून पंखे निवडा आणि लावल्यावर प्रश्न ७ ची चाचणी पुन्हा करा. हवा बाहेर फेकली तितकीच आत यायला वाट हवी: साधारण ४ ते ५ चौरस फूट मोकळी जागा, पंख्याच्या समोरच्या भिंतीला. पंख्याशेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर बाहेरची हवा तिथून आत येऊन तिथूनच परत जाते, आतले टेबल कोरडेच. आत यायची वाट ठेवली नाही तर पंखा स्वच्छतागृहाच्या दारातून हवा ओढतो आणि आठवडाभरात वासाच्या तक्रारीने कुणीतरी तो बंद करतो.

वीजबिलाचा प्रश्न खरा आहे. बाहेर ३८ अंश आणि आत २६ हवे असतील, तर १,४४० घनमीटर हवा थंड करायलाच सुमारे १.६ टन एसी लागतो, दमट हवेत आणखी. म्हणून आम्ही मधला मार्ग सुचवतो: माणशी ५ लिटर ताजी हवा (ताशी ७२० घनमीटर) आणि उरलेले काम हवा गाळणाऱ्या यंत्रांवर (प्रश्न १२).

दर दोन तासांनी १५ मिनिटांची सुट्टी देऊन सगळ्या खिडक्या उघडणे चांगले, पण भरलेल्या खोलीत तेवढ्याने भागत नाही. नमुना खोलीत सुट्टीनंतर १,००० वर आलेला आकडा खिडक्या लावल्यावर अर्ध्या तासात २,४०० च्या पुढे जातो.

१२. एअर प्युरिफायर आणला, पण मीटरचा आकडा उतरतच नाही. फसवलं का?

नाही. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते, वायू अडवत नाही. जंतूंचे कण गाळले जातात, सीओटू तसाच राहतो. त्यामुळे प्युरिफायर असलेल्या खोलीत सीओटूवरून काढलेला धोका खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. तो दुरुस्त करायला यंत्रावर लिहिलेला ‘सीएडीआर’ (यंत्र ताशी किती हवा गाळून देते तो आकडा) ताज्या हवेत मिळवा. ताशी ४०० घनमीटरची दोन यंत्रे म्हणजे माणशी ५.६ लिटर. खिडक्यांतून ५ लिटर मिळत असेल तर एकूण १०.६. मीटर १,४३० दाखवेल आणि तरी संसर्गाच्या बाबतीत खोली ९३० वाल्या खोलीच्या बरोबरीची असेल.

बहुतेक यंत्रांचा सीएडीआर सगळ्यात जोराच्या वेगावर मोजलेला असतो. अभ्यासिकेत आवाजामुळे तो वेग कुणी ठेवत नाही. म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवा. आयोनायझर आणि ओझोन सोडणारी यंत्रे टाळा, ओझोन फुप्फुसाला त्रासदायक आहे.

१३. बाहेर धूर किंवा धूळ असेल तर? आणि डासांचं काय?

भारतात पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) चे चोवीस तासांचे मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. बाहेरचा आकडा त्याच्या बराच वर असेल, शेजारी बांधकाम चालू असेल किंवा दिवाळीची रात्र असेल, तर खिडक्या बोटभर ठेवा, प्युरिफायर जोरात चालवा आणि त्या वेळेपुरत्या जागा निम्म्या भरा. माणसे कमी केली की सीओटू आणि बाधित माणूस खोलीत असण्याची शक्यता दोन्ही उतरतात.

डासांची जाळी लावाच. डेंग्यूचा धोका हवेच्या धोक्याहून लहान नाही. जाळीने हवा अडते आणि धुळीने भरली की फारच अडते. महिन्यातून एकदा धुवा, उघडण्याची जागा जाळीच्या हिशेबाने मोठी ठेवा.

१४. रात्री चारच जण असतात आणि आकडा ८५०. निर्धास्त बसायचं का?

हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. बंद नमुना खोलीत ४० जण असताना ४,६०० होणारा आकडा चार जण असताना ८५० वर थांबतो. ताजी हवा दोन्ही वेळा तेवढीच, ताशी १७० घनमीटर. त्या चौघांत एक जण बाधित असेल, तर उरलेल्या तिघांपैकी प्रत्येकाला मिळणारी मात्रा भरलेल्या खोलीइतकीच असते. प्रश्न ८ च्या सूत्रात उष्टा वाटा दहापट कमी होतो, पण भागाकारातली माणसेही दहापट कमी होतात.

फरक इतकाच, की चौघांत कुणी बाधित असण्याची शक्यता कमी आणि बाधा होऊ शकणारेही तीनच. म्हणून माणसे कमी असताना मीटरवर न जाता खोलीच्या एकूण हवेवर जा. खिडकी उघडा, थंडी वाजली तर एसी कमी करा.

१५. व्यायामशाळेत किंवा बालवाडीत हेच आकडे लावायचे का?

नाही. व्यायाम करणारा माणूस बसलेल्यापेक्षा तिप्पट-चौपट सीओटू सोडतो. तिथे १,००० दिसले तर माणशी हवा सेकंदाला २५ ते ३५ लिटर आहे असा अर्थ होतो. पण तो माणूस तितकीच जास्त हवा आत ओढतो, जोराने श्वास सोडतो आणि कणही जास्त सोडतो. म्हणून अमेरिकेच्या अ‍ॅशरे संस्थेच्या (वातानुकूलन अभियंत्यांची संघटना) २०२३ च्या मानक २४१ मध्ये संसर्गाच्या काळासाठी माणशी स्वच्छ हवा (ताजी + गाळलेली) कार्यालयाला १५, वर्गाला २० आणि व्यायामशाळेला ४० लिटर प्रति सेकंद सांगितली आहे.

बालवाडीत उलट. तीन ते सहा वर्षांचे मूल सेकंदाला सुमारे ०.००३ लिटर सोडते. तिथे १,००० दिसत असेल तर माणशी हवा अभ्यासिकेतल्या १,००० पेक्षा कमी आहे. मुलांच्या खोलीसाठी ८०० ची मर्यादा ठेवा.

१६. मीटर नवा होता तेव्हा जास्त दाखवायचा, आता कमी. हवा सुधारली की मीटर बिघडला?

अभ्यासिका २४ तास उघडी असेल तर बहुधा मीटर. अनेक मीटर आपोआप जुळवणी करतात: गेल्या आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असे धरून तो ४०० ला नेऊन बसवतात. रात्री रिकाम्या होणाऱ्या कार्यालयात हे बरोबर चालते. चोवीस तास माणसे असलेल्या खोलीत पहाटेही आकडा ७०० च्या खाली जात नाही. मीटर त्या ७०० ला ४०० समजतो आणि दिवसभर ३०० कमी दाखवतो. खरे १,५०० असताना पडद्यावर १,२०० आणि सगळे खूश.

आपोआप जुळवणी बंद करा आणि दोन महिन्यांतून एकदा गच्चीवर नेऊन हाताने जुळवा. ती बंद करता येत नसेल तर आठवड्यातून एकदा मीटर काही तास बाहेरच्या हवेत ठेवा, पावसाचे शिंतोडे आणि ऊन टाळून.

१७. वर्षभराचा डेटा साठलाय. एआय मॉडेल लावून धोका आधीच ओळखता येईल का?

येईल, पण आधी साधे समीकरण लावा: पुढच्या पाच मिनिटांतली वाढ = माणसांनी सोडलेला सीओटू − हवेबरोबर बाहेर गेलेला. यात प्रत्येक खिडकी-स्थितीसाठी एकच अज्ञात संख्या असते, ताशी हवाबदल. ती डेटामधून काढा. मग मोजलेला आकडा अपेक्षित आकड्यापेक्षा अर्धा तास सतत ३०० ने वर राहिला तर सूचना पाठवा. कारण चारपैकी एक निघते: पंखा बंद पडला, जाळी तुंबली, माणसे नोंदीपेक्षा जास्त, किंवा मीटरची जुळवणी बिघडली. आकडा १,५०० व्हायची वाट बघण्यापेक्षा बिघाड असा लवकर सापडतो.

यंत्रशिक्षण लावायचेच असेल तर तीन चुका टाळा. पहिली: नोंदी यादृच्छिक पद्धतीने शिकवणीत आणि चाचणीत वाटणे. शेजारशेजारच्या पाच मिनिटांच्या नोंदी जवळजवळ सारख्याच असतात, त्यामुळे मॉडेल पाठांतर करते आणि अचूकता खोटी दिसते. पूर्ण आठवडे वेगळे काढून चाचणी घ्या. दुसरी: हिवाळ्याच्या डेटावर शिकवून पावसाळ्यात वापरणे. तिसरी: वीज गेल्यावर पडलेल्या फटी सरासरीने भरणे. वीज जाते तेव्हा मीटर बंद, एक्झॉस्ट बंद आणि खोली भरलेली असते. नेमका वाईट काळ नोंदीतून गळतो. मीटरला बॅटरी द्या.

१८. माणसांची संख्या बायोमेट्रिक हजेरीतून घेतली तर चालेल?

संख्या घ्या, नावे नको. मॉडेलला ‘११:०५ ला ३७ जण’ इतकेच लागते. कोण कधी आले, कुठे बसले, कोण खोकले हे साठवण्याची गरज नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही गरजेपुरतीच माहिती घेण्याकडे आहे. एक व्यवहारी अडचण: आत येताना सगळे बोट लावतात, जाताना निम्मे विसरतात, त्यामुळे संध्याकाळी नोंदीत साठ आणि खोलीत पंचवीस. रोज दोन वेळा डोकी मोजून नोंद ताळ्यावर आणा.

१९. आकडा नेहमी १,००० च्या खाली असतो. तरी एकाला टीबी निघाला आणि आणखी दोघांना लागण झाली. मॉडेल चुकलं?

चुकले नाही, इथे त्याची मर्यादा दिसते. प्रश्न ९ मधल्या अमेरिकन कार्यालयात ६७ पैकी २७ जणांना महिनाभराच्या सहवासात लागण झाली होती आणि तिथले वायुवीजन आपल्या बहुतेक अभ्यासिकांपेक्षा बरे होते. मात्रा दिवसागणिक साठत जाते. नमुना खोलीत ९३० पीपीएमला एका दिवसाचा धोका २.६ टक्के असला, तरी तोच बाधित २५ दिवस रोज आठ तास बसला तर तो ४८ टक्के होतो. ३,१०० ला ९७ टक्के.

म्हणजे रोज सोबत बसणाऱ्यांमध्ये हवा निम्मे काम करते, उरलेले निम्मे बाधिताला लवकर ओळखण्याने होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे असेल तर सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते, औषधेही मोफत. असा विद्यार्थी निघाला तर त्याची जागा आणि भरलेली फी राखून ठेवा. जागा जाईल या भीतीने मुले खोकला लपवतात, आणि लपवलेला प्रत्येक आठवडा वरच्या हिशेबात भर घालतो. नाव फलकावर किंवा ग्रुपवर टाकू नका. सोबत बसणाऱ्यांची तपासणी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने करा.

२०. जनरेटरचा धूर आत येतो. सीओटू मीटरला तो कळेल का?

नाही. जीव घेणारा वायू कार्बन मोनॉक्साइड आहे. त्याला वास नसतो आणि सीओटू मीटर तो ओळखत नाही. त्याचा गजर देणारे यंत्र वेगळे मिळते. जनरेटर, गॅस गीझर किंवा शेगडी जवळपास असेल तर ते लावा. पीजी आणि वसतिगृहांत बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने मृत्यू होतात. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. जनरेटरचा धूर खिडकीच्या किंवा हवा आत येण्याच्या वाटेच्या जवळ सोडू नका. एकाच वेळी अनेकांना डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर आली तर मीटर न बघता सगळ्यांना बाहेर काढा.

२१. हवेचे आकडे चांगले आले. आता अभ्यासिका सुरक्षित म्हणून जाहीर करू का?

हवेपुरते बोला. हे मॉडेल आग, पाणी आणि वीज यांबद्दल काहीही सांगत नाही. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका शिकवणीच्या तळघरातल्या ग्रंथालयात पुराचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. तळघरात अभ्यासिका नकोच. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार ज्या इमारतींना यंत्रणा बंधनकारक आहे, तिथे ती चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र (नमुना ‘ब’) दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. ते बघायला मागा.

हवेच्या कामातून नवे धोके तयार होणार नाहीत याकडेही लक्ष द्या. एक्झॉस्टची आणि प्युरिफायरची वायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चार्जरांसोबत लावू नका. खिडकीच्या लोखंडी जाळीत आतून उघडणारा भाग ठेवा. आवाज येतो म्हणून मागचा दरवाजा कुलूपबंद केला जातो, ते कुलूप काढा आणि त्याच्यासमोर टेबल लावू नका.